ताई सुरतेला गेल्या, दवाखान्याची चावी त्यांच्या फोनात राहिली

टाकेवाली | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज कामाचं रडगाणं घेऊन आलेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं तालुक्याच्या गावात वीस खाटांचं हॉस्पिटल. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, नवरा भूल देतो. नऊ वर्षं रिसेप्शन सांभाळलेल्या ताई दिवाळीनंतर काम सोडून गेल्या. यजमानांची बदली सुरतेला झाली म्हणून. भांडण नाही, तंटा नाही. जाताना मी ओटी भरली, त्यांनी पेढे वाटले, मावश्या रडल्या. गल्ल्याची चावी, कपाटाची चावी, औषधांच्या फ्रीजची चावी, सगळं त्यांनी मोजून दिलं आणि मी वहीत सही घेतली. आपण किती व्यवस्थित आहोत असं वाटलं मला त्या दिवशी.

काल सिझरची एक पेशंट डिस्चार्ज होती. कॅशलेस. सकाळी दहाला अंतिम बिल विमावाल्यांना पाठवलं. बाळाला टोपडं घालून, गालाला तीट लावून आजी तयार. गेटवर गाडीला फुगे बांधलेले. डिस्चार्जची मंजुरी त्यांना तीन तासांत द्यावी लागते, असा नियम २०२४ पासून आहे, म्हणून मी सगळ्यांना धीर देत होते. बारा वाजले, एक वाजला. आजी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तिन्हीसांज व्हायच्या आत निघू द्या." मी विमा कंपनीच्या नावानं बोटं मोडत होते.

सव्वा वाजता नवी मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मेल उघडत नाहीये सकाळपासून." रिसेप्शनचा कॉम्प्युटर रविवारी फॉरमॅट केला होता. आता जीमेल म्हणतंय, हे तुम्हीच का, आकडा टाका. आणि आकडा जातोय ताईंच्या नंबरावर. ताईंचा फोन बंद. मुलाच्या नव्या शाळेत पालकसभा होती, हे नंतर कळलं. अडीचला फोन लागला. "थांबा हं मॅडम, आला बघा... चार, सात..." मेल उघडला. मंजुरी दहा वाजून पन्नास मिनिटांनी आलेली होती. आमच्याच मेलमध्ये पडून होती. फुगे तोवर उन्हानं फुटले होते.

रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. तेवीस खाती निघाली. दोन जीमेल, विम्याची पोर्टलं, जन्म-मृत्यू नोंदणी, टीबीच्या पेशंटच्या नोंदीचं निक्षय, सोनोग्राफीचा फॉर्म एफ, जैव कचऱ्याचं, बिलिंगचं सॉफ्टवेअर, बाहेरच्या लॅबचे रिपोर्ट उतरवायचं, व्हॉट्सअ‍ॅप, गूगल मॅपवरचं आमचं पान, "पन्नास रुपये प्राप्त हुए" ओरडणारा डबा, वीजबिल, ऑक्सिजनवाला. चौदा ठिकाणी ताईंचा नंबर. दोन ठिकाणी मार्चमध्ये सोडून गेलेल्या आरएमओचा, म्हणजे निवासी डॉक्टरांचा. आणि एका ठिकाणी असा नंबर, जो आमच्या दोघांच्याही फोनमध्ये नाही.

शिवाय 'टीम' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यात पेशंटच्या नावासकट रिपोर्ट पडतात. कामावर एकवीस माणसं, ग्रुपमध्ये बेचाळीस.

तुमच्याकडे माणूस सोडून जातो तेव्हा हे सगळं कोण आणि कसं करतं? सुरुवात कुठून करू? नवरा म्हणतो, सगळे पासवर्ड बदलून टाक आजच. मला भीती वाटतेय, बदलायला जाईन आणि आम्हीच बाहेर राहू.

खडीसाखर | मंगळवार, रात्री ११:५२

रुमाल टाकून ठेवते. आमच्या दातांच्या दवाखान्यात पासवर्ड कालनिर्णयच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेला आहे. जानेवारीत कालनिर्णय बदललं की काय होतं ते विचारू नका.

आयटीतला_आजोबा | बुधवार, पहाटे ५:१५

टाकेवालीबाई, भीती रास्त आहे. घाईनं पासवर्ड बदलून स्वतःला कोंडून घेतलेले डॉक्टर मी चिक्कार पाहिलेत. सतरा वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात काढली, त्या भांडवलावर बोलतो.

पहिलं काम सिमकार्ड. हॉस्पिटलच्या नावावर पोस्टपेड नंबर घ्या आणि तो साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून नर्सिंग काउंटरला चार्जरसकट ठेवा. तो फोन घरी जाणार नाही. ओटीपी त्यावरच यायला हवेत, बाकी कुठेही नाहीत.

मग जीमेल, कारण उरलेल्या बहुतेक खात्यांचं "पासवर्ड विसरलात?" हे जीमेलमध्येच येऊन पडतं. ते हातात आलं की अर्धी लढाई आटोपली. आधी नवा नंबर जोडा, तो चालतो याची खात्री करा, आणि त्यानंतरच ताईंचा काढा. उलटं करू नका. ओटीपी आला नाही तरी आत शिरता यावं म्हणून आठ आकड्यांचे दहा राखीव कोड मिळतात, ते छापून तिजोरीत टाका. मग 'तुमची उपकरणं' उघडून कुठकुठे खातं चालू आहे ते बघा. जुन्या आरएमओचा फोन तिथे दिसला तर दचकू नका, दिसणारच.

आता जे कोणी बघत नाही ते सांगतो. सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' ही दोन पानं उघडा. कोणीतरी कधीतरी सोयीसाठी "लॅबचे मेल माझ्या मेलवर पाठव" असं लावून ठेवलेलं असतं. पासवर्ड शंभर वेळा बदललात तरी ते तसंच चालू राहतं.

अनोळखी नंबराचं हसण्यावारी नेऊ नका. प्रीपेड सिम नव्वद दिवस वापरलं नाही की बंद होऊ शकतं, आणि बंद झालेला नंबर नव्वद दिवस थांबवून पुढच्या गिऱ्हाइकाला देतात. तुमचा ओटीपी आज कोणाच्या घरी वाजतोय, सांगता येत नाही. फोन लावून बघा.

नर्मदेतला_गोटा | बुधवार, सकाळी ९:०५

एवढं काय त्यात? ताई चांगल्या आहेत, फोन उचलतात, आकडा सांगतात. काम झालं ना? आपल्याकडे कोण येतंय तपासायला. उगाच बाऊ.

मेट्रन_बाई | बुधवार, दुपारी ३:३०

गोटेराव, बाऊ कसला ते मी सांगते. माझ्या बाबतीत घडलेलं आहे.

मी एका शहरातल्या खासगी हॉस्पिटलमध्ये अतिदक्षता विभागाची इनचार्ज होते. जूनमध्ये सोडलं. ऑगस्टअखेर मला एक कागद आला, इन्सुलिनच्या एका डोसबद्दल खुलासा करा. पेशंटची साखर पहाटे एकदम खाली गेली होती, नातेवाइकांनी तक्रार केली होती आणि त्या डोसची नोंद माझ्या नावावर होती. तारीख ऑगस्टची. मी त्या रात्री गावी होते, पुतणीच्या बारशाला!

झालं होतं ते असं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरायला तीन-चार मिनिटं लागायची. रात्री दोनला बीपी घसरतंय, मॉनिटर बोंबलतोय, तिथे कोण स्वतःचं नाव-पासवर्ड टाकत बसणार? इनचार्जच्या नावानं एकदा उघडलं की तीनही पाळ्या त्यातच नोंदी करायच्या. मी असतानाही तेच चालायचं, मीही डोळेझाक केली. मी गेले, पण माझं नाव कामावर राहिलं. फॉर्मवर सही घेऊन, कपाटाची चावी घेऊन, माझा एक पगार अडवून त्यांनी मला मोकळं केलं, पण ते खातं काही बंद केलं नाही.

शेवटी हजेरीचा अंगठा माझ्या कामी आला, जूनपासून तो नव्हताच. पण चार महिने झोप नव्हती.

म्हणून सांगते, खातं बंद करणं म्हणजे जाणाऱ्यावर संशय घेणं असं मनात आणू नका. जाणाऱ्याचाच जीव त्यात असतो. टाकेवालीताई, तुमच्या त्या सुरतेच्या बाईंचा विचार करा. उद्या तुमच्याकडे काही वेडंवाकडं झालं तर ओटीपी कोणाच्या फोनवर गेला होता, हेच पहिलं निघेल.

खडीसाखर | बुधवार, दुपारी ३:४१

बाप रे. मेट्रनबाई, दंडवत.

स्लाइडवाला | बुधवार, रात्री १०:२०

मेट्रनबाईंच्या पंक्तीत मीपण. पॅथॉलॉजिस्ट आहे. चार लॅबना जायचो, एक सोडली. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये माझी सही स्कॅन करून बसवलेली. 'अप्रूव्ह' दाबलं की माझी सही खाली उमटते. मी सोडल्यावर दीड महिन्यानं एका सर्जन मित्राचा फोन, "तू अजून तिथेच आहेस होय?" त्याच्या पेशंटच्या हातात माझ्या सहीचा रिपोर्ट होता. मी तो नमुना डोळ्यांनी पाहिलेला नाही.

लॅबवाल्याला विचारलं तर म्हणे, "सर, नवीन सर जॉइन होईपर्यंत फक्त." लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७मध्ये स्पष्ट केलंय. माणूस गेल्यावर त्याची सही मागे ठेवून तो नियम पाळल्याचा देखावा करणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. मी लेखी दिलं, पोच घेतली, प्रत मेडिकल कौन्सिलला पाठवली. मगच सही निघाली.

तेव्हा टाकेवालीताई, तुमच्या यादीत तेवीस खाती आहेत तिथे एक रकाना वाढवा. सह्यांच्या चित्रांचा. डिस्चार्ज कार्डाच्या वर्ड फाइलमध्ये जुन्या आरएमओची सही चिकटवलेली असेल, पैज लावतो. आणि डिजिटल सिग्नेचरची डोंगल सीएच्या ड्रॉवरमध्ये असेल.

टाकेवाली | बुधवार, रात्री ११:१५

स्लाइडवालेसाहेब, पैज जिंकलात. डोंगलचीसुद्धा.

आजोबा, फिल्टर उघडले. आरएमओ डॉक्टरांच्या स्वतःच्या मेलवर बाहेरच्या लॅबचा प्रत्येक रिपोर्ट मार्चपासून आजपर्यंत जातोय. त्यांना फोन केला. बिचारे ओशाळले. म्हणाले, "मॅडम, रात्री तुम्हाला उठवायला नको म्हणून लावलं होतं, काढायचं राहिलं. मी उघडतही नाही, हजारावर मेल साचलेत." माझा विश्वास आहे त्यांच्यावर. पण त्या हजारात आमच्या गावातल्या किती बायकांचे एचआयव्हीचे, किती जणींच्या गर्भपाताआधीचे रिपोर्ट असतील, हे मोजायला लागले आणि पोटात गोळा आला. गाव लहान आहे हो. त्यांची सासुरवाडी इथलीच.

आणि तो अनोळखी नंबर लावला. परभणीकडचे एक खतांचे दुकानदार निघाले. "होय होय, येतात तुमचे आकडे. दीड वर्ष झालं. मी खोडून टाकतो." नऊ वर्षांपूर्वीच्या कंपाउंडरचा नंबर होता तो, आता आठवलं. मी काकांचे आभार मानले. त्यांनी विचारलं, जुळ्यांसाठी काही उपाय आहे का.

पैलतीर | गुरुवार, सकाळी ७:५०

अमेरिकेतून. रुग्णालयांच्या अनुपालनाचं काम करते, म्हणजे मराठीत नसत्या उठाठेवी.

गोटेदादांनी विचारलंय, कोण तपासतं. इथली दोन उदाहरणं, दोन्ही सरकारी नोंदीतली. कोलोरॅडोत पागोसा स्प्रिंग्ज नावाच्या लहानशा गावातलं रुग्णालय. एका माजी कर्मचाऱ्याचा पेशंटच्या भेटींच्या ऑनलाइन कॅलेंडरवरचा प्रवेश नोकरी संपल्यावरही चालू राहिला. ५५७ पेशंट. २०१८मध्ये १,११,४०० डॉलरवर तडजोड. हॅकर नाही, व्हायरस नाही, नुसतं भेटींचं कॅलेंडर.

दुसरं कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहराच्या आरोग्य विभागाचं. काढून टाकलेली कर्मचारी आठ दिवसांनी परत आली, जुन्याच नाव-पासवर्डानं कॉम्प्युटर उघडला आणि पेशंटची माहिती पेनड्राइव्हवर घेऊन गेली. ४९८ जणांची. चौकशीत आणखी एक निघालं: तिनं आपला पासवर्ड एका इंटर्नला दिलेला होता आणि ती जाऊनही इंटर्न तोच वापरत होता. २०२०मध्ये २,०२,४०० डॉलर भरले शहरानं.

मेट्रनबाईंचा अतिदक्षता विभाग आणि हा इंटर्न यांत मला काही फरक दिसत नाही.

नर्मदेतला_गोटा | गुरुवार, सकाळी ८:३०

अमेरिकेचं अमेरिकेत. इथे असा दंड झालेला दाखवा, पुढचा धागा मी काढतो.

आयटीतला_आजोबा | गुरुवार, सकाळी ८:५५

वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३चा आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी. गोटेराव, वीस खाटांच्या दवाखान्याला कोणी अडीचशे कोटी लावणार नाही, मलाही कळतं. सल्लागार मंडळी तो आकडा सांगून घाबरवतात आणि पॅकेज विकतात, त्यांच्या नादी लागू नका.

पण माहिती फुटली तर त्या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला बहात्तर तासांत तपशील द्यावा लागेल, आणि कोणी काय पाहिलं याच्या नोंदी वर्षभर ठेवाव्या लागतील. तिथे "रिसेप्शन" नावाचं एकच खातं दाखवून काय सांगणार? रिसेप्शननं पाहिलं? खुर्चीनं?

अटकेपार | गुरुवार, दुपारी १:१०

इंग्लंडमधून. वॉर्डवर काम करतो. इथे सगळं आलबेल आहे असा कोणाचा समज होऊ नये म्हणून लिहितोय.

एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, स्मार्टकार्ड असतं, चिप असलेलं, फोटोसकट. कल्पना चांगली आहे: कार्ड माणसाचं, त्यावरची कामं संस्थेची. संस्था सोडली की ती कामं काढून घेतात, कार्ड खिशात राहतं, नव्या ठिकाणी नवी कामं चढवतात. माणूस पुसला जात नाही, फक्त दारं बंद होतात.

प्रत्यक्षात काय? ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी देशभरातले शिकाऊ डॉक्टर एकाच दिवशी जागा बदलतात. जुनं बंद झालेलं असतं, नवं अजून चालू व्हायचं असतं. रात्रपाळीला आलेल्या पोरीला रक्ताचे रिपोर्ट दिसत नाहीत. मग कोणीतरी म्हणतं, "माझं कार्ड आहे बघ लावलेलं." मीही म्हटलंय. समोर पेशंट फिकट पडत चाललाय, तिथे काय करणार?

माणसं नियम मोडतात ती बहुतेक वेळा आळसानं नाही. येणाऱ्याला पहिल्या तासाला स्वतःचं खातं मिळालं नाही की तो जाणाऱ्याचं वापरतो. तुम्ही सगळे जाणाऱ्याबद्दल बोलताय. टाकेवालीताई, तुमची नवी मुलगी कोणाच्या नावानं बिलं करतेय सध्या?

टाकेवाली | गुरुवार, दुपारी २:०२

ताईंच्या.

टाकेवाली | गुरुवार, दुपारी २:०५

म्हणजे मी सॉफ्टवेअरवाल्याला सांगितलं होतं, नवीन करा. तो म्हणाला वेगळ्या युजरचे वर्षाला जादा पैसे पडतील, त्यापेक्षा त्याच खात्याचं नाव बदलून देतो. दिलंन बदलून.

आयटीतला_आजोबा | गुरुवार, दुपारी २:२०

थांबा, थांबा! मग ताईंची नऊ वर्षांची बिलंसुद्धा आता नव्या मुलीच्या नावानं दिसत असतील. एखादं २०१९चं बिल उघडून बघा.

टाकेवाली | गुरुवार, दुपारी २:४०

उघडलं. २०१९ साली ती आठवीत होती.

स्लाइडवाला | गुरुवार, दुपारी २:५५

आवरा.

पण यात गंमत कमी आणि धोका जास्त आहे. कागदपत्रं किमान तीन वर्षं जपायची आणि पेशंटनं मागितली की बहात्तर तासांत द्यायची, हे मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांतच आहे. उद्या ग्राहक मंचात तीच फाइल मांडली आणि नोंद करणारीचं वय तेव्हा तेरा निघालं, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या नोंदींवर कोण विश्वास ठेवील?

खातं पुसायचं नाही, नाव बदलायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. कुलूप लावायचं आणि तसंच ठेवायचं. जादा पैसे भरा. वर्षाचा तो खर्च तुमच्या एका सोनोग्राफीच्या फीइतका असेल.

मेट्रन_बाई | गुरुवार, सायंकाळी ६:३०

अटकेपार यांच्याशी पूर्ण सहमत. नव्या ठिकाणी मी मालकांना एकच गोष्ट मागून घेतली. प्रत्येक सिस्टरचं, प्रत्येक ब्रदरचं वेगळं खातं, आणि आत शिरायला ओळखपत्र टेकवलं की झालं, टाइप करायचं काही नाही. त्या दिवसापासून कोणी कोणाचं वापरत नाही. सांगावंच लागलं नाही. कशाला वापरतील?

आणि जाणाऱ्याच्या शेवटच्या दिवशी काय करते तेही सांगते. दुपारी पाळी संपली की त्या मुलीला शेजारी बसवते आणि तिच्यासमोर खातं बंद करते. तिलाच शेवटचं शिरून बघायला लावते, "नाही होत सिस्टर" असं ती म्हणाली की एक कागद देते, आमच्या लेटरहेडवर: अमुक तारखेला अमुक वाजल्यापासून यांच्या नावानं इथे काहीही उघडत नाही. माझी सही, शिक्का. पहिल्यांदा मुली हसायच्या. आता मागून घेतात, अनुभवाच्या दाखल्याबरोबर लॅमिनेट करतात.

खडीसाखर | गुरुवार, सायंकाळी ६:४४

आणि भांडून, रात्री अकराला ॲप्रन फेकून जातो त्याचं काय? त्याला शेजारी कसं बसवणार?

मेट्रन_बाई | गुरुवार, सायंकाळी ६:५८

त्याचं आधी बंद करायचं, कागद नंतर पोस्टानं. रात्रीच्या रात्री कोण बंद करू शकतं, त्या दोन माणसांची नावं ठरलेली हवीत. आमच्याकडे एक मी आणि एक औषधांच्या दुकानातला फार्मासिस्ट. डॉक्टर ऑपरेशनमध्ये असतात, त्यांच्यावर ठेवून भागत नाही.

शेंगदाणा_लाडू | गुरुवार, रात्री ९:१५

बिलिंगचं सॉफ्टवेअर विकतो, त्यामुळे आधीच शिव्या खायला तयार आहे. आमच्या धंद्यातल्या मुलांनी तुमच्या कॉम्प्युटरवर एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून त्याला कायमचा पासवर्ड लावलेला असतो, म्हणजे तुम्ही शेजारी नसलात तरी आत येता येतं. तो मुलगा आमची कंपनी सोडून तिसरीकडे गेला तरी पासवर्ड त्याच्या डोक्यात. तुमची माणसं मोजताना आमचीही मोजा. सॉफ्टवेअरवाला, मशिन दुरुस्तीवाला, वेबसाइटवाला, कॅमेरेवाला.

कॅमेऱ्यावरून आठवलं. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली बायकांच्या तपासणीची चित्रं फेब्रुवारी २०२५मध्ये इंटरनेटवर विकायला निघाली होती. पकडलेल्यांत आपल्या लातूर-सांगलीकडची पोरंही होती. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं तसाच असतो. टाकेवालीताई, तुमचे कॅमेरे कोणाकोणाच्या फोनवर दिसतात?

टाकेवाली | गुरुवार, रात्री १०:०५

लेबर रूम आणि तपासणीच्या खोलीत कॅमेरा नाही, ते मी पहिल्यापासून ठेवू दिलं नाही. बाहेर चार आहेत, ते ज्यानं बसवले तोच बघतो. त्याला पुढच्या महिन्यात बोलावलंय, आत्ता माझ्या डोक्यात जागा नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून मात्र घरी वाद पेटलाय. नवरा म्हणतो, एकवीस जणांना काढून टाक. काढायला गेले तर त्यात आमचे जुने वॉर्डबॉय मामा, निवृत्त झालेले. रोज सकाळी गणपती पाठवतात. त्यांना कसं काढू?

पैलतीर | शुक्रवार, सकाळी ८:०५

काढू नका. पण काढलंत तरी आधी आलेले रिपोर्ट त्यांच्या फोनमध्ये राहणारच आहेत, ते परत येत नाहीत. तेव्हा मामांना आणि गणपतीला तो ग्रुप देऊन टाका आणि कामासाठी नवा काढा. त्यात पेशंटचं नाव न लिहिता नोंदणी क्रमांक लिहायची सवय लावा. सवय लागायला आमच्याकडे दोन वर्षं गेली, तीही दंडाच्या धाकानं.

नर्मदेतला_गोटा | शुक्रवार, सकाळी ९:३०

मेट्रनबाईंचा प्रतिसाद काल परत वाचला. माझी बायको एका रुग्णालयात स्टाफ नर्स होती, दोन वर्षांपूर्वी सोडलं. रात्री तिला विचारलं, तुझं खातं बंद केलं का ग त्यांनी? म्हणाली, कोण जाणे. आज फोन करायला सांगितलंय. बाकी चालू द्या.

टाकेवाली | रविवार, रात्री ९:२०

शेवटचं अपडेट देते. ताई चुलतभावाच्या लग्नाला गावात आल्या होत्या, आज दुपारी हॉस्पिटलमध्ये आल्या. मी आजोबांची यादी छापून ठेवली होती. ताई त्यांच्या जुन्या खुर्चीत, नवी मुलगी शेजारच्या स्टुलावर, मी समोर उभी. एकेक खातं उघडायचं, नवा नंबर जोडायचा, चालतो का बघायचं, ताईंचा काढायचा. चौदाला अडीच तास लागले. गूगल मॅपवरच्या पानाचं तर मालकच ताई होत्या. मी स्वतःच्या हॉस्पिटलची साधी 'मॅनेजर'. त्या खो खो हसल्या. "मॅडम, म्हणजे हॉस्पिटल माझंच होतं की."

विम्याच्या एका पोर्टलनं मात्र हात टेकवले. नंबर बदलायला लेटरहेडवर अर्ज, पॅनकार्ड, रद्द केलेला चेक आणि जुन्या नंबरवर ओटीपी. तोवर ताईंचाच नंबर.

बिलिंगचं पहिलं खातं परत ताईंच्या नावावर करून घेतलं आणि कुलूप लावलं. नव्या मुलीचं वेगळं काढलं. तिनं पासवर्ड स्वतः टाकला, मला तोंड फिरवायला लावलं. बरं वाटलं. मग मेट्रनबाईंनी सांगितल्याप्रमाणे कागद काढला, तारीख, वेळ, सही, शिक्का. विम्याचं ते एक पोर्टल अपवाद म्हणून नावानिशी लिहिलं. ताईंनी तो दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. चहा-पोहे झाले.

निघायला म्हणून त्या खुर्चीतून उठल्या आणि फोन टिंग वाजला. मी म्हटलं, बघा, अजून एक राहिलाच ओटीपी. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. 'कॅमेरा २ : हालचाल आढळली.' खाली छोटं चित्र, त्यात वरून दिसणारं रिसेप्शन, खुर्चीतून उठणारी एक बाई आणि समोर मी.

"हे तर रोजच येतं की मॅडम," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला माहितीये."